फादर स्टीफन्स व त्यांचें ख्रिस्तपुराण

१. दक्षिण कोंकणांतील जुन्या घरांचीं दप्तरें चाळतांना मोडी व बाळबोध कागदांबरोबर फिरंगी अक्षरांत लिहिलेला एखादा रुमाल हातीं आला, तर तो पोर्तुगीज भाषेंतील असावा असें समजून बाजूस ठेवला जाण्याचा संभव फार असतो. अक्षर फिरंगी म्हणून भाषाही फिरंगी, हा तर्क वरवर सरळ दिसतो. पण या किनाऱ्यापुरता तरी तो विश्वसनीय नाहीं. मराठी वाङ्मयांतील सुमारें ११,००० ओव्यांचा एक ग्रंथ रोमी अक्षरांत छापला गेला, पुढें रोमी अक्षरांतच हातानें उतरला गेला, आणि अशा नकला ज्या सामान्य कुटुंबांनीं सांभाळल्या त्यांच्यामुळेंच तो मुख्यतः आपणांपर्यंत पोंचला. हा ग्रंथ म्हणजे जेझुइट पाद्री टॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण होय. प्रस्तुत लेखांत त्यांचें चरित्र व ग्रंथकार्य थोडक्यांत देऊन, त्या ग्रंथाच्या पोथ्यांची हकीकत मालवण, वेंगुर्लें व सावंतवाडी या भागांतील संग्राहकांस कां महत्त्वाची आहे, हें सांगण्याचें योजिलें आहे.

२. स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत, विल्टशायर परगण्यांतील बुश्टन या खेड्यांत, एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. त्यांचें शिक्षण विंचेस्टर येथें झालें. राणी एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत रोमन कॅथलिक पंथ उघडपणें पाळणें त्या देशांत धोक्याचें झालें होतें, व त्या पंथाचे अनेक तरुण युरोपांत इतरत्र आश्रय शोधीत होते. स्टीफन्स रोमला गेले व १५७५ सालीं तेथें जेझुइट संघांत दाखल झाले. म्हणजे जन्मानें ते इंग्रज. पण पाद्री म्हणून त्यांची घडण इटलींत झाली, आणि आयुष्याचीं शेवटचीं चाळीस वर्षें पोर्तुगीज अंमलाखालीं मराठी-कोंकणी बोलणाऱ्या लोकांत गेलीं. यामुळेंच त्यांचें नांवही कागदोपत्रीं एकसारखें आढळत नाहीं. पोर्तुगीज लेखांत ते ‘पाद्रे एस्तेव्हांव’ होतात, आणि जन्मगांवाच्या नांवावरून कोठें कोठें ‘बुस्टन’ या नांवानेंही त्यांचा निर्देश येतो. ग्रंथसूची करणारांनीं हीं सर्व नांवें एकाच व्यक्तीचीं आहेत हें ध्यानांत ठेवावें.

३. तारीख ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदर सोडून ते त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले. या जलप्रवासाचें वर्णन त्यांनीं १० नोव्हेंबर रोजीं आपल्या पित्यास लिहिलेल्या पत्रांत केलें. तें पत्र हॅक्लुइट यानें आपल्या प्रवासवृत्तांच्या प्रसिद्ध संग्रहांत १५८९ सालीं छापलें. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० सालची. तिच्या आधीं एकवीस वर्षें हा इंग्रज गोव्यांत येऊन कायमचा राहिला होता. १५८३ सालीं राल्फ फिच, न्यूबेरी व त्यांचे सोबती हेरगिरीच्या संशयावरून गोव्यांत कैदेंत पडले, तेव्हां त्यांस जामिनावर सोडविण्याच्या कामीं स्टीफन्स यांनीं साहाय्य केलें. इंग्रजांच्या इतिहासांत त्यांचें नांव बहुधा एवढ्याच प्रसंगापुरतें येतें. आपल्या दृष्टीनें त्यांचें खरें कार्य याहून निराळें आहे.

४. हें कार्य मुख्यतः गोव्यांतील साष्टी प्रांतांत झालें. त्या काळचा साष्टी प्रांत शांत नव्हता. १५६७ च्या सुमारास तेथील देवळें पोर्तुगीजांनीं पाडलीं होतीं, आणि हिंदु धर्मग्रंथ बाळगण्यास बंदी झाली होती. त्याचा संताप गांवोगांव धुमसत होता. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें रोदोल्फो आक्वाव्हिवा हा इटालियन जेझुइट व त्याचे चार सहकारी मारले गेले, व पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्या गांवच्या प्रमुखांस ठार मारलें. हा आक्वाव्हिवा त्याच वर्षीं अकबर बादशहाच्या दरबारांतून परतला होता. नवख्रिस्ती लोकांसाठीं पुराण रचण्याची गरज कां पडली, हें या परिस्थितीवरून उमगतें. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या पुराणश्रवण चालत होतें, त्या घरांतील पोथ्या गेल्या होत्या, पण ऐकण्याची संवय गेली नव्हती. जुन्या पुराणांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं द्या, अशी मागणी एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें पाद्रीपाशीं केली, असा प्रसंग स्टीफन्स यांनीं आपल्या ग्रंथाच्या आरंभींच घातला आहे. या मागणीस त्यांनीं दिलेलें उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण.

५. परक्या देशांतून आलेल्या पाद्रीस मराठी ओवीची इतकी जाण कोठून आली, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचें एक उत्तर पोथ्यांतच आहे. इ. स. १५५९ च्या जेझुइट पत्रव्यवहारांत, एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें पलीकडच्या मुलखांतील एका ब्राह्मणाच्या घरून पोथ्या चोरून आणल्याची व पाद्री लोकांनीं त्यांचा अभ्यास केल्याची हकीकत आली आहे. त्या पोथ्यांत अनादिपुराण नांवाचा ग्रंथ होता. पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत रामायण-महाभारताच्या कथा कोंकणींत, रोमी अक्षरांत, उतरून घेतलेलीं बाडें आजही आहेत. तीं याच अभ्यासाचीं फळें होत. ज्या ग्रंथांवर घरीं बंदी होती, ते परकीयांच्या अभ्यासिकेंत नकलून घेतले गेले व तेथें टिकले, ही गोष्ट संग्राहकांनीं विसरतां कामा नये.

६. भाषांविषयींची स्टीफन्स यांची दृष्टि त्यांच्या २४ ऑक्टोबर १५८३ च्या पत्रावरून कळते. या पत्रांत त्यांनीं आपल्या भावास येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचें कळविलें आहे. सर विल्यम जोन्स यांनीं याच साम्याविषयींचा आपला सिद्धान्त कलकत्त्यास मांडला तो १७८६ सालीं, म्हणजे या पत्रानंतर दोनशें तीन वर्षांनीं. स्टीफन्स यांचें पत्र लिहिलें गेलें त्याच्या पुढच्याच वर्षीं, शके १५०६ मध्यें, पैठणास एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एकीकडे प्राकृत ग्रंथाच्या पाठशुद्धीचें काम चाललें होतें, तर दुसरीकडे त्याच भाषेचें सौष्ठव एका परदेशी पाद्रीच्या ध्यानांत येत होतें. दोन्ही गोष्टी एकाच पिढींतल्या आहेत.

७. स्टीफन्स यांचे तीन ग्रंथ प्रसिद्ध आहेत. पहिला ख्रिस्तपुराण, जो प्रथम १६१६ सालीं रायतूर (राशोल) येथें छापला गेला. दुसरा कोंकणी गद्यांतील ख्रिस्ती धर्मबोध, जो त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं निघाला. तिसरा कोंकणीचें व्याकरण. त्यांत दियोगु रिबैरु व इतर पाद्रींनीं भर घालून तें १६४० सालीं छापलें. स्टीफन्स स्वतः १६१९ सालीं निवर्तले होते. व्याकरणाची पुढची आवृत्ति कुन्य रिव्हार यांनीं १८५७ सालीं पणजीस काढली, व धर्मबोधाची हुबेहूब प्रतिकृति १९४५ सालीं लिस्बन येथें मारियानु साल्दान्य यांच्या प्रस्तावनेसह निघाली. येथें एक भेद लक्षांत घ्यावा. धर्मबोध व व्याकरण हीं साष्टींतील रोजच्या बोलीसाठीं होतीं, म्हणून कोंकणींत आहेत; पुराण मात्र मराठींत आहे. पुराण ऐकावयाचें तें मराठींत, असा त्या काळच्या श्रोत्यांचा दंडक होता व तो स्टीफन्स यांनीं पाळला. आपल्या सिंधुदुर्गांत दशावतारी नट घरीं मालवणी बोलतो, पण रंगस्थळीं राजाचें सोंग घेऊन उभा राहिला कीं ग्रांथिक मराठींत बोलूं लागतो. त्याच दंडकाचें हें जुनें उदाहरण आहे.

८. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीच्या कथा ३६ अध्यायांत, व दुसऱ्या पुराणांत येशूचें चरित्र ५९ अध्यायांत सांगितलें आहे. अध्यायास स्टीफन्स यांनीं ‘अवस्वरू’ असें नांव दिलें आहे. ओवी नेहमींची, साडेतीन चरणांची. पहिल्या तीन चरणांस यमक व चौथा आंखूड. ग्रंथारंभीं मराठी भाषेची जी स्तुति आहे, ती आज पाठ्यपुस्तकांतूनही परिचित झाली आहे. तिच्याहून अभ्यासकास अधिक उपयोगाचें प्रस्तावनेंतील एक विधान आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांस समजत नाहीं, म्हणून कठीण जुने शब्द सोडून ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द मिसळले आहेत, असें ते सांगतात. ‘ब्राह्मणांची बोली’ म्हणजे साष्टींतील कोंकणी. त्यामुळें ग्रंथाची भाषा मिश्र झाली आहे. देशावरील वाचक जेथें अडखळतो, तेथें तेरेखोलच्या खाडीच्या दोन्ही तीरांवरील वाचक सहसा अडत नाहीं. या ग्रंथाच्या शब्दार्थनिर्णयासाठीं सिंधुदुर्गांतील जाणत्या माणसांची साक्ष म्हणूनच मोलाची आहे.

९. आतां लिपीचा प्रश्न. रोमी लिपि स्टीफन्स यांनीं आवडीनें स्वीकारली असें दिसत नाहीं. १६०८ सालीं त्यांनीं रोम येथें आपल्या संघाच्या मुख्याधिकाऱ्यास पत्र लिहून, या देशाच्या भाषेंत व येथील अक्षरांत पुस्तक छापलेलें पाहण्याची आपली जुनी इच्छा कळविली होती. अडचण खिळ्यांची होती. येथील लिपींत व्यंजनास स्वर जोडून अक्षर होतें, त्यामुळें सुमारें ६०० ठसे लागले असते. परंतु युक्तीनें ती संख्या दोनशेंच्या थोडी वर आणतां येते, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याच संघाच्या पाद्रींनीं तमिळ अक्षरांत कोल्लम येथें १५७८ सालीं पुस्तक छापलेलें होतें, तेव्हां ही मागणी अशक्य कोटींतली नव्हती. तरी पण देवनागरी खिळे पाडले गेले नाहींत, आणि आठ वर्षांनीं ग्रंथ निघाला तो रोमी अक्षरांत. मराठी मुद्रणाच्या इतिहासांत या एका नकाराचे परिणाम दूरवर पोंचले. मराठी ग्रंथ देवनागरींत छापण्याचें काम त्यानंतर जवळजवळ दोनशें वर्षें थांबलें, तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बंगालमध्यें श्रीरामपूर येथें सुरू झालें.

१०. १६१६ नंतर ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चाळीस वर्षांच्या आंत तीन आवृत्त्या, यावरून मागणी किती होती हें दिसतें. रविवारीं देवळांत व उपासाच्या दिवसांत घरोघरीं त्याचें वाचन होत असे. असें असूनही या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाही आवृत्तीची छापील प्रत आज कोठेंही उपलब्ध नाहीं. कारणें अनेक आहेत. २७ जून १६८४ रोजीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढून, लोकांनीं तीन वर्षांत स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असें फर्माविलें. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यांतील छापखाने बंद पडले, ते १८२१ पर्यंत पुन्हां सुरू झाले नाहींत. १७५९ सालीं जेझुइटांस पोर्तुगीज राज्यांतून घालवून देण्यांत आलें व त्यांच्या ग्रंथसंग्रहांची पांगापांग झाली. शिवाय जें पुस्तक रोज हाताळलें जातें तें फाटतें. ओलसर हवा व वाळवी यांचें काम तर कोंकणांत कोणास सांगावयास नको.

११. छापील ग्रंथ नष्ट झाला, पण वाचणारे उरले होते. गोव्यांतून कानडा जिल्ह्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो हातानें उतरून घेतला व पुढच्या पिढीच्या स्वाधीन केला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्दान्य यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमी लिपींतच त्याची संशोधित आवृत्ति प्रसिद्ध केली. महाराष्ट्रांतील विद्वानांस या ग्रंथाचा खरा परिचय तेव्हांपासून झाला. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली, व पुढें १९९६ सालीं कारिदाद द्रागो यांची मुंबईस निघाली. नेल्सन फलकाव यांनीं २००९ सालीं मराठींत व २०१२ सालीं इंग्रजी भाषांतरासह या ग्रंथाचें संपादन केलें. गोव्यांत पणजीचें मध्यवर्ती ग्रंथालय, पिळार येथील संस्था व पर्वरी येथील थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र यांच्या संग्रहीं हस्तलिखितें आहेत.

१२. या हकीकतींत एक देवनागरी पोथीही आहे. विल्यम मार्सडेन या संग्राहकानें १८३५ सालीं आपला पौरस्त्य ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला, व तेथून तो पुढें प्राच्यविद्या शाळेकडे आला. त्यांत ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ या नांवांच्या दोन मराठी पोथ्या होत्या. नांवांवरून त्या कोणत्याही हिंदु पुराणाच्या वाटाव्यात. मराठी संतचरित्रांचे भाषांतरकार जस्टिन अॅबट यांनीं त्या पाहून, हें स्टीफन्स यांचेंच पुराण आहे असें १९२३ च्या सुमारास जाहीर केलें. छापील परंपरेंत जेथें पोर्तुगीज शब्द आहेत, तेथें या पोथ्यांत बहुधा संस्कृत वळणाचे शब्द येतात. यावरून अॅबट यांनीं ही देवनागरी संहिताच मूळ ठरविली. उलटपक्षीं, रोमी संहिता मूळची असून देवनागरी पाठ नंतर कोणी शुद्ध मराठीच्या आग्रहानें सुधारून तयार केला, असेंही मत आहे. आमच्या मतें १६०८ चें पत्र पहिल्या पक्षास थोडें अनुकूल आहे, कारण ज्या लेखकास येथील अक्षरांत छापावयाचें होतें त्यानें लेखनही त्याच अक्षरांत केलें असणें संभवनीय आहे. परंतु संभव म्हणजे पुरावा नव्हे. या वादाचा निकाल तर्कानें न लागतां आणखी जुन्या पोथ्या मिळाल्या तरच लागेल. त्यासाठीं एखादें सुटें पानही पुरेसें होऊं शकतें, मात्र तें सालवार व पाठभेदाच्या जागेचें असावें.

१३. यासाठींच सिंधुदुर्गाकडे दृष्टि वळविली पाहिजे. बारदेश व साष्टी हे प्रांत १५४३ पासून पोर्तुगीजांकडे असले, तरी तेरेखोलच्या उत्तरेस सावंत भोंसल्यांचा मुलूख होता. खाडी ओलांडून माणसांची येजा सदैव चालूच असे. बांदें, सावंतवाडी, वेंगुर्लें व मालवण येथील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचीं मुळें गोव्यांत आहेत. कानडा जिल्ह्यांत गेलेल्या कुटुंबांनीं जसा ग्रंथ बरोबर नेला, तसा उत्तरेकडे आलेल्यांनीं नेला नसेल असें म्हणण्यास कारण नाहीं. हिंदु घरांच्या दप्तरांतही अशा पोथ्या असणें शक्य आहे; कारण वतनें, गहाणखतें व शेजार यांच्या निमित्तानें कागद एका घरांतून दुसऱ्या घरांत जात असतात.

१४. रोमी अक्षरांतील मराठी ओळखण्याच्या कांहीं सोप्या खुणा येथें देतों. पोर्तुगीज भाषेची माहिती नसली तरी त्या उपयोगीं पडतील. पहिली खूण, ‘श’ साठीं एक्स् हें अक्षर वापरलेलें असतें. दुसरी, मूर्धन्य वर्णासाठीं अक्षर दुहेरी लिहितात. ‘ण’ साठीं दोन एन्, ‘ट’ साठीं दोन टी. ‘पुराण’ हा शब्दच दोन एन् घालून लिहिलेला आढळतो. तिसरी, शब्दाच्या शेवटचा अनुस्वार एम् या अक्षरानें दाखवितात. ‘पहिलें’, ‘दुसरें’ हे शब्द एम् नें संपतात. चौथी, ‘व’ साठीं बहुधा यू हें अक्षर येतें. पांचवी, ‘क’ च्या पुढें ए किंवा इ असल्यास क्यू व यू हीं दोन अक्षरें लिहितात. सहावी खूण या सर्वांहून भरंवशाची आहे: पानावर चार चार ओळींचे तुकडे असून त्यांतील पहिल्या तीन ओळींचा शेवट सारखा असेल, तर तो मजकूर मोठ्यानें वाचून पाहावा. डोळ्यांस जें पोर्तुगीज दिसतें, तें कानांस ओवी म्हणून ऐकूं येईल.

१५. अशी पोथी आढळल्यास पुढील गोष्टी कराव्यात. रुमाल सोडण्यापूर्वीं पानांचा क्रम आहे तसा टिपून घ्यावा. आरंभीचें व शेवटचें पान, नकल करणाऱ्याचें नांव, साल, मालकाची सही, तसेंच समासांतील जन्ममृत्यूच्या नोंदी यांचीं छायाचित्रें घ्यावींत. अशा नोंदी घरच्या इतिहासाच्या असल्या तरी नकलेचा काळ ठरविण्यास त्यांचाच आधार होतो. कागदावर पाण्याचा ठसा असल्यास तो उजेडासमोर धरून त्याची आकृति काढून ठेवावी. चिकटलेलीं पानें ओढून सुटीं करूं नयेत. आणि मालकाच्या संमतीवांचून पोथी घराबाहेर नेऊं नये. ज्या घरानें ती इतकीं वर्षें राखली, त्या घराचा तिच्यावरील हक्क पहिला आहे.

१६. स्टीफन्स यांच्या ग्रंथाचा हेतु धर्मप्रसाराचा होता, व ज्या काळांत तो लिहिला गेला त्या काळाच्या जुलमांची छाया त्यावर आहे. हें दोन्ही मान्य करूनही, मराठी ओवीच्या इतिहासांतून तो वगळतां येत नाहीं. त्याच्या छापील प्रती राजसत्तेच्या हुकुमांनीं, काळानें व हवेनें नाहींशा केल्या. ज्या उरल्या त्या नांवगांव नसलेल्या नकलाकारांच्या प्रती होत. तेव्हां या किनाऱ्यावरील संग्राहकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, फिरंगी अक्षरांचा कोणताही रुमाल रद्दींत देण्यापूर्वीं त्यांतील चार ओळी एकदां मोठ्यानें वाचाव्यात.